बऱ्हाणपूरचा उन्हाळा आणि अँडीजचा पाहुणा

बऱ्हाणपूरचा मे महिना ज्याने एकदा अनुभवला आहे, त्याला उष्णता म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. सकाळी नवाच्या सुमारासच तापीच्या घाटाच्या पायऱ्या चटके देऊ लागतात. दुपारी बाजारपेठ ओस पडते, पारा 42-44 अंशांपर्यंत चढतो, आणि सूर्य मावळल्यावरही घरांच्या भिंती दिवसभर साठवलेली धग रात्री उशिरापर्यंत परत करीत राहतात. अशाच एका दुपारी येथील एका परिचित कुटुंबातील शाळकरी मुलाने मोबाइलवर मला एक चित्र दाखविले. राखाडी रंगाचा, वीतभर लांबीचा एक प्राणी. उंदरासारखे वाटोळे कान, खारीसारखी झुपकेदार शेपटी आणि दोन काळेभोर, पाणीदार डोळे. “काका, ह्याला चिंचिला म्हणतात,” तो म्हणाला. “आपण एक आणू या ना! त्याचं सगळं मी करीन.”

ह्या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होता आले असते. परंतु परमुलखातील प्राणी आपल्या घरी आणण्याची हौस ही काही आजची नव्हे. तिला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाची काही पाने तर ह्या बऱ्हाणपुरातच उलगडतात. म्हणून मुलाला द्यावयाचे उत्तर आज आपणां सर्वांसमक्षच शोधावे, असा विचार आहे.

फारुकी सुलतानांनी वसविलेले हे नगर 1601 साली, असीरगडाच्या पाडावाबरोबर, अकबराच्या अंमलाखाली पूर्णपणे आले. तेव्हापासून पाऊणशे वर्षांहून अधिक काळ ते मोगलांच्या दक्षिणेतील राजकारणाचे प्रमुख ठाणे होते. हे मोगल घराणे मूळचे थंड प्रदेशातले. बाबर हिंदुस्थानात आला तेव्हा येथे बर्फ नाही, गार पाणी नाही, चांगली खरबुजे नाहीत, अशी तक्रार त्याने आपल्या आत्मवृत्तात मोकळेपणाने नमूद करून ठेविली. त्याच ग्रंथात त्याने येथील पशुपक्ष्यांची वर्णनेही बारकाईने केली आहेत. ह्या आत्मवृत्ताचे तुर्कीतून फारसीत भाषांतर करून 1589 साली ते अकबराला सादर करणारा पंडित म्हणजे अब्दुर्रहीम खानखानान. हाच अब्दुर्रहीम पुढे अनेक वर्षे बऱ्हाणपुरात सुभेदार म्हणून राहिला.

थंड मुलखातून आलेल्या ह्या माणसांनी येथील उन्हाशी कसा सामना केला, हे पाहण्यासारखे आहे. सोरा घातलेल्या पाण्यात भांडे फिरवून आतले पाणी गार करण्याची युक्ती आणि वाळ्याच्या ओल्या पडद्यांनी खोली थंड राखण्याची रीत, ह्या दोहोंचे वर्णन अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त केले आहे. अब्दुर्रहीमच्या कारकिर्दीत, 1615 च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भूगर्भातच अडवून विहिरींच्या मालिकेने शहराकडे आणण्यात आले. तोच आपला कुंडी भंडारा. उतारावरून, कोणत्याही यंत्रावाचून वाहणारे ते पाणी आजही पाहावयास मिळते. शाही किल्ल्यातील हमामखाना, तापीकाठचे बाग, हे सारे त्याच खटपटीचे अवशेष होत. एवढे सर्व असूनही ही माणसे येथे आपल्या इच्छेने आली होती, आणि तापीकाठचा उन्हाळा असह्य झालाच तर तळ हलविण्याचे स्वातंत्र्य त्यांना होते. पाळलेल्या प्राण्याला हे स्वातंत्र्य नसते. ही एक गोष्ट आपण ध्यानात ठेवू या. पुढे तिचे काम पडणार आहे.

तापीच्या पैलतीरी जैनाबादेत आहूखाना आहे. ‘आहू’ म्हणजे हरीण. राजघराण्याच्या विहारासाठी व शिकारीसाठी राखलेले ते हरणांचे उपवन होय. 1631 च्या जून महिन्यात मुमताज महलचे बऱ्हाणपुरात निधन झाले, तेव्हा तिला जैनाबादच्याच बागेत तात्पुरते दफन करण्यात आले आणि त्या वर्षअखेरीस तिचा देह आग्र्याला नेण्यात आला. ह्या घटनेमुळे आहूखान्याचे नाव इतिहासात राहिले. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे ते एवढेच की, तेथे राखलेला प्राणी ह्या मुलखाचाच होता. ह्या मातीवरचे गवत त्याचे अन्न, आणि हे ऊन त्याच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलेले. भिंत घातली तरी आतली हवा त्याचीच राहिली.

परंतु सर्वच प्राणी असे घरचे नव्हते. 1612 साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान गोव्याच्या बंदरातून काही दुर्मिळ जिन्नस व प्राणी घेऊन दरबारी परतला. त्यांत एक विलक्षण पक्षी होता. त्याच्या डोक्यावरील व गळ्यावरील मांसल भाग क्षणात लाल, क्षणात पांढरा, क्षणात निळसर होई. जहांगिराने सरड्याच्या रंगबदलाशी त्याची तुलना केली आहे. हा पक्षी म्हणजे टर्की. मूळचा अमेरिका खंडाचा रहिवासी, पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्यास पोचलेला. बाबराने प्राण्यांची वर्णने लिहिली खरी, परंतु चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढविली नाहीत, असे म्हणून जहांगिराने ह्या नवख्या प्राण्यांची चित्रे काढण्याचा हुकूम दिला. उस्ताद मन्सूरच्या हातचे टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. नव्या जगाचा जीव आपल्याकडे कुतूहलाचा विषय झाला, त्याची ही जुनी आणि पक्की नोंद.

ह्याच जहांगिराने सारस पक्ष्यांची एक जोडी लहानपणापासून वाढविली होती. त्यांची नावे लैला आणि मजनू. 1618 च्या सुमारास बादशहाचा मुक्काम गुजरातेत असता ह्या जोडीने अंडी घातली. मादी अंड्यांवर केव्हा बसते, नर पहारा कसा करतो, पाळी कशी बदलतात, पिले किती दिवसांनी बाहेर येतात, ह्या सर्वांची टिपणे बादशहाने आपल्या रोजनिशीत केली. जहांगिराच्या शिकारीचे आकडेही त्याच रोजनिशीत आहेत, तेव्हा त्याला प्राणिमात्रांचा कनवाळू ठरविण्याचे कारण नाही. परंतु ह्या एका बाबतीत त्याने जे केले ते प्रत्येक पाळणाऱ्याने शिकण्यासारखे आहे. हा जीव मला काय देईल, ह्याच्या आधी हा जीव आहे तरी कसा, असे त्याने विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत तो पाहत राहिला.

आता आपण चिंचिलाकडे वळू. टर्कीप्रमाणेच हाही नव्या जगाचा रहिवासी; मात्र त्याचे घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उघड्या, खडकाळ, कोरड्या उतारांवर. तेथे दिवसा ऊन असले तरी हवा थंड असते आणि रात्री कडाक्याचा गारठा पडतो. पाऊस थोडा, झाडी विरळ. खडकांच्या कपारीत हे प्राणी कळपाने राहतात, संध्याकाळी बाहेर पडतात आणि रखरखीत झुडपे, गवत, साली ह्यांवर गुजराण करतात. अशा थंडीसाठी निसर्गाने त्यांना जे पांघरूण दिले त्याला तोड नाही. माणसाच्या डोक्यावर एका छिद्रातून एखाददुसरा केस उगवतो. चिंचिलाच्या अंगावर एका छिद्रातून पन्नास-साठ, कधी त्याहूनही अधिक केस निघतात. झिरझिरीत मलमलीसाठी एके काळी ज्याची ख्याती इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत पोचली होती, त्या बऱ्हाणपूरच्या विणकरांना ह्या केसांचा तलमपणा समजावून सांगावा लागणार नाही.

हे पांघरूणच त्याचा काळ ठरले. त्याचे नाव तेथील चिंचा नामक लोकांवरून पडले असे सांगतात. ते लोक त्याचे मांस खात आणि कातडी पांघरीत. स्पॅनिश लोक आल्यानंतर ही कातडी युरोपात गेली. चिलीतून परागंदा झालेला जेझुइट पाद्री हुआन इग्नासिओ मोलिना ह्याने 1782 साली इटलीत प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ह्या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन केले. हा जीव इतका सौम्य आहे की, हातात घेतला असता चावत नाही आणि पळण्याची धडपड करीत नाही. घरात थोड्या खर्चात तो सहज पाळता येईल, अशा आशयाचे त्याने लिहिले आहे. चिंचिला पाळावा असे सुचविणाऱ्या आद्य लेखकांत त्याची गणना करावी लागेल.

जगाने मात्र पाळण्याचा सल्ला ऐकला नाही. एकोणिसाव्या शतकात श्रीमंत स्त्रियांच्या अंगरख्यांसाठी चिंचिलाच्या कातड्यांना प्रचंड मागणी आली. एका लांब अंगरख्याला शंभराहून अधिक प्राणी लागत. शतक संपता संपता चिलीच्या बंदरांतून वर्षाला लाखो कातडी रवाना होत होती. परिणाम व्हावयाचा तोच झाला. डोंगरच्या डोंगर ओस पडले. 1910 साली चिली, बोलिव्हिया, पेरू आणि अर्जेंटिना ह्या चार राष्ट्रांनी करार करून शिकारीस व व्यापारास बंदी केली. 1929 साली चिलीने स्वतंत्र कायदा केला. परंतु तोवर रानातील चिंचिला जवळजवळ दिसेनासा झाला होता. आजही त्याच्या दोन्ही जाती संकटग्रस्त गणल्या जातात. चिलीत 1983 साली खास त्याच्यासाठी एक राखीव वन स्थापन करण्यात आले, तेथे व थोड्या इतर ठिकाणी तो तग धरून आहे.

मग घराघरांत दिसणारे चिंचिला आले कोठून? त्याची कथा मोठी बोधप्रद आहे. मथायस चॅपमन नावाचा एक अमेरिकन खाण-अभियंता चिलीतील तांब्याच्या खाणीवर नोकरीस होता. तेथे 1918 च्या सुमारास एका स्थानिक माणसाने त्याला जिवंत चिंचिला दाखविला आणि चॅपमनच्या मनाने घेतले की, ह्यांची पैदास करावयाची. त्याने माणसे डोंगरात धाडली. सुमारे तीन वर्षांच्या शोधानंतर पैदाशीस योग्य असे अवघे अकरा प्राणी त्याच्या हाती लागले.

ह्यानंतर चॅपमनने जे केले त्यातच ह्या सर्व विषयाचे मर्म आहे. त्याने ते अकरा जीव पिंजऱ्यात घालून थेट बंदरावर नेले नाहीत. सुमारे वर्षभर, थोडे थोडे करून, त्याने त्यांना डोंगरावरून खाली उतरविले. प्रत्येक टप्प्यावर थांबून, त्या हवेची सवय होऊ देऊन, मगच पुढचा टप्पा. जहाजावर विषुववृत्त ओलांडावयाचे होते, म्हणून पिंजऱ्यांना सावली केली, ओली फडकी लावली, बर्फ ठेवून आतली हवा गार राखली. 1923 च्या फेब्रुवारीत हा लवाजमा कॅलिफोर्नियास पोचला. आज जगभर पाळल्या जाणाऱ्या चिंचिलांपैकी बहुतेक त्या अकरांचे वंशज मानले जातात. चॅपमनचा हेतू कातड्याच्या व्यापाराचाच होता, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु व्यापाऱ्यालासुद्धा एक गोष्ट कळली होती: प्राणी आणावयाचा तर त्याच्यामागून त्याची हवाही आणावी लागते.

आता बऱ्हाणपूरच्या त्या मुलाच्या खोलीत जाऊ. चिंचिलास मानवणारे तापमान साधारण 15 ते 22 अंश. पंचविशीच्या पुढे त्याचा त्रास सुरू होतो, आणि सत्तावीस-अठ्ठावीस अंशांत त्याला उष्माघात होऊन तो दगावू शकतो. दाट केसांतून उष्णता बाहेर पडत नाही, आणि त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. म्हणून पंख्याच्या वाऱ्याने आपल्याला जो गारवा वाटतो तो त्याला लाभत नाही. कान लालभडक होणे, तोंड उघडे ठेवून धापा टाकणे, अंग टाकून निपचित पडणे, ही संकटाची लक्षणे होत. ती दिसताच गार जागी हलवून पशुवैद्य गाठावा लागतो.

कोणी म्हणेल, आमच्या घरी कूलर आहे. येथेच आपली परंपरागत युक्ती फसते. कूलर आणि वाळ्याची टट्टी ह्यांचे तत्त्व एकच: पाणी सुकताना हवा गार होते, परंतु ओलीही होते. बादशहाला ती मानवली. चिंचिलाला मानवत नाही. दमट हवेत त्याचे केस ओलसर राहतात आणि कातडीवर बुरशी धरते. म्हणजे उन्हाळ्यात उष्णता आणि पावसाळ्यात दमटपणा, असा दुहेरी पेच. ह्याला उत्तर एकच. हवा गार आणि कोरडी ठेवणारे वातानुकूलन यंत्र, तेही रात्रंदिवस, आणि वीज गेली तर चालणाऱ्या पर्यायी व्यवस्थेसह. दुपारी दोन तास वीज गेली, तर आपण अंगणात जाऊन बसतो; पिंजऱ्यातला जीव कोठे जाणार? मघाशी म्हटलेली तळ हलविण्याच्या स्वातंत्र्याची गोष्ट ती हीच.

ज्याच्या घरी ही सोय खरोखर आहे, त्याने पुढचे ऐकावे. पिंजरा उंच असावा. आत लाकडी फळ्या पायऱ्यांसारख्या बसवाव्यात, कारण हा डोंगरचा उड्या मारणारा जीव आहे. तळाशी उघडी जाळी नसावी, पाय अडकून मोडतो. चांगले वाळलेले, बुरशी न धरलेले गवत हे त्याचे मुख्य अन्न. ते सदैव पुढ्यात असावे. जोडीला थोड्या प्रमाणात त्याच्यासाठीच बनविलेल्या गोळ्या आणि स्वच्छ पाणी. आपल्याकडे पाहुण्याला बदाम-मनुके देण्याची रीत आहे. ह्या पाहुण्याला ते देऊ नयेत. केळ्यांचा हा मुलूख. तरी केळेही देऊ नये. गोड आणि स्निग्ध पदार्थांनी त्याचे पोट फुगते आणि त्यातच तो दगावतो. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून कुरतडण्यास कोरडे, विषारी नसलेले व औषधे न फवारलेले लाकूड हवे.

त्याला पाण्याने आंघोळ कधीही घालू नये. तो धुळीत लोळून स्वच्छ होतो. ज्वालामुखीच्या राखेसारखी अतिशय बारीक धूळ पसरट भांड्यात घालून आठवड्यातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. नदीची वाळू चालत नाही, ती केस तोडते. दिवसा त्याची झोपेची वेळ असते, म्हणून शाळेतून आल्याआल्या त्याला उठवून खेळविणे हा छळ होय. उचलताना घट्ट आवळू नये. भ्यायला की तो केसांचा पुंजकाच्या पुंजका सोडून देतो. एकटेपणा त्याला सोसत नाही, म्हणून शक्यतो एकाच लिंगाची जोडी ठेवावी. नर-मादी एकत्र ठेवल्यास सुमारे 111 दिवसांनी केसाळ, उघड्या डोळ्यांची पिले जन्मतात, आणि तितकी नवी घरे शोधण्याचे ओझे आपल्यावर येते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आयुष्य. नीट सांभाळलेला चिंचिला पंधरा-वीस वर्षे जगतो. आज दहा वर्षांचा असलेला मुलगा शिकून, नोकरीस लागून कदाचित परगावी गेलेला असेल. तेव्हाही हा प्राणी त्याच खोलीत, त्याच थंड हवेची वाट पाहत असेल. अनेक चिंचिले घराबाहेर पडतात ते हा हिशेब आधी न केल्यामुळे. म्हणून ज्याची तयारी पुरी आहे त्याने दुकानातून नवा घेण्याऐवजी, एखाद्या कुटुंबाला सांभाळणे अशक्य झालेला प्राणी दत्तक घ्यावा. घेताना त्याच्या मूळ खरेदीचे कागद मागावेत. परदेशी प्राण्यांच्या बाबतीत वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली असून 2024 साली नोंदणीचे नियमही आले आहेत. तेव्हा वनखात्याकडे चौकशी करणे इष्ट. ह्या प्राण्याच्या प्रकृतीची माहिती असलेला पशुवैद्य किती अंतरावर आहे, हेही आधीच पाहून ठेवावे. आजारपणाच्या रात्री तो शोधण्यास वेळ नसतो.

हे सर्व ऐकून कोणास वाटेल की, मी हौसेवर विरजण घालीत आहे. तसे नाही. मुलाला मुक्या जिवाची ओढ वाटणे ही घराच्या भाग्याची गोष्ट आहे. परंतु ज्या प्राण्याच्या पूर्वजांची कातडी माणसाने केवळ हौसेपोटी लाखांनी सोलली, त्याच्या वंशजाला पुन्हा केवळ हौसेपोटी चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात आणून बसविणे, हा इतिहासापासून काहीच न शिकल्याचा पुरावा ठरेल. आहूखान्यातील हरणाप्रमाणे आपल्याच हवेत वाढलेला एखादा जीव, गल्लीतले आईवेगळे कुत्र्याचे पिलू किंवा मांजराचे पोर, ह्याच ओढीने घरी आणले तर त्याला ना बर्फ लागतो ना यंत्र.

त्या मुलाला मी नकार दिला नाही. मी त्याला एक तापमापक आणून दिला आणि एक कोरी वही. सांगितले, “ज्या खोलीत तू त्याला ठेवणार, तिथे हा टांग. सकाळ, दुपार, रात्र असे तीन आकडे रोज लिही. वीज गेली तर किती वेळ गेली, तेही लिही. एक उन्हाळा आणि एक पावसाळा पुरा होऊ दे. मग वही घेऊन ये. आपण दोघे वाचू आणि ठरवू.”

पहिल्या दिवशी दुपारी त्या खोलीत 37 अंश भरले. त्याने ते लिहिले, थोडा वेळ आकड्याकडे पाहिले, आणि मला विचारले, “काका, त्याच्या डोंगरावर आत्ता किती असेल?” हा प्रश्न त्याला आपण होऊन पडला, ह्यातच मला समाधान आहे.